नॉमिनी चार, पण कोमातल्या माणसाची सही कोण करणार?

१ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला एकाऐवजी चार नॉमिनी लावता येतात. बदल चांगला आहे. पण नॉमिनीचं काम सुरू होतं खातेदाराच्या मृत्यूनंतर. खातेदार जिवंत आहे आणि बेशुद्धावस्थेत आहे, तर चार सोडा, चाळीस नॉमिनी असले तरी त्यांना खात्यातला एक रुपया काढता येत नाही. मेलेल्या माणसाच्या पैशाची सोय कायद्याने केली. जिवंत पण शुद्धीवर नसलेल्या माणसाची मात्र अजून नीट केलेली नाही.

अडतं कुठे?

समजा, वसमत तालुक्यातल्या एका हळद उत्पादकाला पक्षाघाताचा झटका आला. नांदेडला आयसीयूत दाखल केलं आणि तो कोमात गेला. सातबारा त्याच्या एकट्याच्या नावावर. पीककर्ज नवं-जुनं करायचं तर सही त्याची. हळदीची पट्टी जमा झाली ती त्याच्याच खात्यात. मुदत ठेवही त्याचीच. दवाखान्याचं बिल रोज वाढतंय आणि घरचे पाहुण्यांकडे उसने मागत फिरताहेत. पैसा घरात आहे, पण त्याला हात लावता येत नाही.

गंमत अशी की उपचार अडत नाहीत. संमती देण्याच्या स्थितीत नसलेल्या माणसाच्या भल्यासाठी, सद्भावनेने केलेल्या कृतीला भारतीय न्याय संहितेचं कलम ३० संरक्षण देतं. म्हणजे तातडीचं ऑपरेशन करायला कायदा आडवा येत नाही. त्याच ऑपरेशनचं बिल पेशंटच्या स्वतःच्या पैशातून भरायचं म्हटलं की येतो.

मुखत्यारपत्र आहे ना?

बऱ्याच घरांत हाच समज असतो. ‘बाबांनी आधीच मुखत्यारपत्र करून दिलंय, काळजी नाही.’ काळजी आहे. १८७२ च्या करार कायद्यानुसार करार करणाऱ्याला त्या कराराचा अर्थ समजला पाहिजे आणि आपलं हित-अहित ठरवता आलं पाहिजे. आणि याच कायद्याचं कलम २०१ सांगतं की मुखत्यारपत्र देणाऱ्याचा मृत्यू झाला किंवा त्याचं मन ‘सक्षम’ राहिलं नाही, की त्याने दिलेला अधिकारही संपतो. म्हणजे छत्री नेमकी पावसाच्या वेळीच मिटते.

मग लोक काय करतात? बाबांचा फोन मुलाकडे असतो, यूपीआयचा पिन घरात सगळ्यांना ठाऊक असतो. बेशुद्ध माणसाचं बोट फोनच्या सेन्सरवर टेकवलं की लॉकही उघडतं. मशीनला बोट कळतं, संमती कळत नाही. अशा व्यवहारावर उद्या एखाद्या भावाने किंवा बहिणीने हरकत घेतली, तर ज्याने केवळ औषधांसाठी पैसे काढले तोही अडचणीत येऊ शकतो.

मानसिक आरोग्याचा कायदा लागू होत नाही?

२०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २९ मे २०१८ पासून अमलात आला. त्यात एक फार महत्त्वाची गोष्ट आहे. एखाद्याला मानसिक आजार आहे, एवढ्यावरून तो मनाने अक्षम ठरत नाही. ते ठरवायचं सक्षम न्यायालयाने. नैराश्याची गोळी घेणाऱ्या माणसाची सही चालणार नाही, असं कुणाला परस्पर म्हणता येत नाही. गावाकडे भावकीच्या वादात ‘त्याच्या डोक्यावर परिणाम झालाय’ हे वाक्य किती सहज फेकलं जातं, हे पाहता ही तरतूद सोन्यासारखी आहे.

पण हा कायदा आणताना १९८७ च्या जुन्या कायद्यातलं मालमत्तेची व्यवस्था पाहणारं प्रकरण गळालं. नव्या कायद्यात रुग्ण स्वतःचा प्रतिनिधी नेमू शकतो, पण तो मानसिक उपचारांपुरता, जमिनीच्या दस्तासाठी नाही. १८९० चा पालक कायदा अज्ञान मुलांसाठी आहे. १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांच्यापुरता आहे. कोमातला पेशंट यातल्या कशातच नीट बसत नाही.

मग दार कोणाचं ठोठवायचं?

उच्च न्यायालयाचं. राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली न्यायालय अशा व्यक्तीच्या पालकत्वाची भूमिका घेतं आणि पत्नी, पती किंवा मुलांपैकी कुणाला तरी पालक नेमतं. मुंबई उच्च न्यायालयाने असे आदेश अनेकदा दिले आहेत. केरळ उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये त्यासाठी पद्धतच घालून दिली. वैद्यकीय मंडळाकडून तपासणी, महसूल अधिकाऱ्याकडून चौकशी, सर्व वारसांची माहिती आणि नेमलेल्या पालकाने ठरावीक काळाने द्यायचा हिशेब.

रस्ता आहे, पण हिंगोलीकरासाठी तो दोनशे किलोमीटरहून लांब, छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठापर्यंत जातो. वकील, रिट याचिका, तारखा. एका माणसाने आयसीयूबाहेर बसायचं की खंडपीठाबाहेर? जिल्ह्याला २०२४ मध्ये स्वतःचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळालं. तपासणीसाठी तज्ज्ञ जिल्ह्यातच मिळू शकतात, तहसीलदार तालुक्यात आहे. मग निर्णयाचा अधिकारच तेवढा लांब का ठेवायचा? हे अधिकार जिल्हा न्यायालयाला देणारा कायदा राज्याने करायला हवा.

दुरुपयोगाची भीती खोटी नाही. जमीन आली की नाती बदलतात. पण भीतीवर उपाय हिशेब मागणं हा आहे, दार बंद ठेवणं नव्हे. इंग्लंडने २००५ च्या कायद्याने असं मुखत्यारपत्र आणलं, जे माणूस अक्षम झाल्यावरही टिकतं. त्याची नोंदणी आणि देखरेख स्वतंत्र यंत्रणा करते. आपल्या करार कायद्यात एका कलमाची दुरुस्ती करून हे शक्य आहे.

उपचार थांबवण्याबाबत कायदा पुढे गेला

हा विरोधाभास महाराष्ट्राला तरी कळायला हवा. केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग १९७३ च्या हल्ल्यानंतर २०१५ मध्ये मृत्यू होईपर्यंत त्याच रुग्णालयात होत्या. त्यांच्या वतीने बोलायचं कुणी, हाच प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे होता. ७ मार्च २०११ च्या निकालात तो मान वर्षानुवर्षे सेवा करणाऱ्या केईएमच्या कर्मचाऱ्यांना मिळाला. पुढे २०१८ मध्ये ‘लिव्हिंग विल’ला मान्यता मिळाली आणि २४ जानेवारी २०२३ ला प्रक्रिया सोपी झाली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरेसा आहे. न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागत नाही.

म्हणजे व्हेंटिलेटर लावू नका, हे आज लिहून ठेवता येतं. माझ्या ठेवीतून माझं बिल भरा, हे लिहून ठेवलं तर मात्र बँकेवर ते बंधनकारक नाही.

तोवर काय करता येईल?

बचत खातं ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात असलेला’ या पद्धतीचं करून घ्यावं. मग एक जण आजारी पडला तरी दुसऱ्याला ते चालवता येतं. मुदत ठेवीचं तसं नाही. ती मुदतीआधी मोडायला दोघेही हयात असताना साधारणपणे दोघांच्या सह्या मागतात, त्यामुळे बँकेत आधीच विचारून लेखी सूचना देऊन ठेवावी. पेशंट शुद्धीवर आहे पण सही करू शकत नाही, तर हाताचा किंवा पायाचा अंगठा दोन साक्षीदारांसमोर, ज्यात एक बँकेचा जबाबदार अधिकारी असेल, चालतो. तो रिझर्व्ह बँकेचाच नियम आहे. काउंटरवर नाही म्हणाले तर शाखाधिकाऱ्याकडे लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी.