पुढचा ब्रेक
सडकेकाठी : वाटसरू

गोंदिया जिल्ह्यात अर्जुन्या दोन. एक मोरगावची, एक सडकेची. आमच्या नावातच सडक आहे, पण तिच्यावर फटफटी कशी चालवायची हे शिकवणारी शाळा म्हणजे मामा. धान निघाल्यावर मोकळी झालेली बांधी, नाहीतर शाळेचं पटांगण, आणि मागं बसून मामाचा ओरडा : "क्लच हळू सोड बे!" दोन संध्याकाळी झाल्या की पोट्टा कोहमाऱ्याच्या चौकात. शेवटचा धडा ठरलेला : पुढचा ब्रेक मारायचा नाही, तोंडावर आपटशील.

धडा साफ चुकीचा. ब्रेक लागताना वजन पुढच्या चाकावर येतं आणि गाडी थांबवण्याचं बहुतेक काम तेच चाक करतं. नुसत्या मागच्या ब्रेकवर उभा राहिलेला पोरगा, अंधारात मागचा दिवा नसलेली धानाची ट्रॉली समोर आली, की घसरत तिच्याखालीच जातो. सरकारलाही हे ठाऊक आहे. एप्रिल 2019 पासून 125 सीसीपर्यंतच्या नव्या दुचाक्यांना दोन्ही ब्रेक एकत्र लागतील अशी किमान सोय सक्तीची झाली, त्यावरच्यांना एबीएस. यंत्र शहाणं केलं, स्वार राहिला.

लर्निंग 2021 पासून घरबसल्या निघतं. साठ टक्के उत्तरं बरोबर आली की झालं. ट्रक-बसच्या परवान्याला ड्रायव्हिंग स्कूलचा दाखला लागतो, दुचाकीला लागत नाही. तीस दिवसांनी परीक्षा. तालुक्यातलं शिबिर हुकलं की पोरगा गाडी घेऊन गोंदियाला निघतो. शिकाऊच्या गाडीवर परवानाधारक शिकवणाराच बसावा, असा नियम आहे, पाळतो कोण? चाळीसहून जास्त किलोमीटर, मुरदोलीचं जंगल, समोरून एसट्या. हे सगळं पार करून तो आरटीओत पोचतो, आणि तिथं साहेब त्याला सायकलच्या वेगानं आठचा आकडा काढायला लावतात.

याच रस्त्यावर, बिंद्रावनटोल्याजवळ, 29 नोव्हेंबर 2024 ला गोंदियाकडे जाणारी शिवशाही उलटली. अकरा माणसं गेली. समोरच्या दुचाकीला वाचवताना बस उलटली, असं तेव्हाच्या बातम्यांत होतं. त्या स्वाराचा दोष होता की नव्हता, हे मी इथं बसून ठरवणार नाही. पण दुचाकीवाला चुकला तर फक्त स्वतः मरतो, हा समज त्या दिवसानंतर तरी आपण सोडायला हवा होता. तसा स्वतः मरणाऱ्यांचा आकडाही लहान नाही. 2022 मध्ये देशात रस्त्यावर 1,68,491 माणसं मेली, त्यातली 44.5 टक्के दुचाकीवरची.

मग प्रशिक्षण सक्तीचं करा, असं म्हणणं सोपं आहे. ब्रिटननं 1990 मध्ये केलं : प्राथमिक प्रशिक्षण घेतल्याशिवाय शिकाऊला मोटारसायकल घेऊन रस्त्यावर येता येत नाही. मीही त्याच बाजूचा. पण 2010 मध्ये कोक्रेन या संस्थेनं अशा प्रशिक्षणांवरच्या अभ्यासांचा आढावा घेतला. कोणतं प्रशिक्षण अपघात कमी करतं, हे त्यातून ठामपणे सांगता येईना. एक गोष्ट मात्र पुढं आली : सक्ती केली की काही लोक परवान्याचा नादच सोडून देत असावेत, आणि कदाचित म्हणून अपघातही कमी होत असतील.

तिकडे परवाना सोडणारा गाडीही सोडत असेल. आमच्याकडे सोडेल? सौंदडच्या स्टेशनावर, तेंदूपत्त्याच्या फळीवर, कॉलेजात, रात्रीच्या मंडईतल्या नाटकाला जायचं कसं? तो परवाना सोडेल आणि गाडी चालवत राहील. सक्तीचा वर्ग गोंदियात आणि फी हजारात असेल, तर बिनपरवाना स्वार वाढतील आणि एजंटाच्या दरपत्रकात एक ओळ वाढेल. मुलींचं तर विचारूच नका. गोंदियाला दोन दिवस जा म्हटलं की घरूनच नाही येईल.

म्हणून सक्ती हवी, पण ती तालुक्यात, फुकट, आणि लर्निंग हातात पडण्याआधी. दोन दिवस पुरतील. एक दिवस पटांगणात दोन्ही ब्रेक दाबून थांबायला शिकवा. दुसऱ्या दिवशी, शिकवणारा मागं बसवून, दिवेलागणीला ट्रॉलीच्या मागं किती अंतर सोडायचं, समोरून लाइट डोळ्यावर आला की नजर कुठं ठेवायची ते दाखवा. आठचा आकडा नंतर काढू.

आणि पहिल्या तुकडीत मामालाच बसवा.