मोनार्क वाढवताना

अमेरिकेत अनेक घरांत मोनार्क फुलपाखराच्या अळ्या जाळीच्या पिंजऱ्यात वाढवून फुलपाखरे बागेत सोडतात. त्यामागची माया खरी आहे. निसर्गात शंभर अंड्यांतून दहा फुलपाखरेही क्वचितच निपजतात. पण पिंजऱ्यात दाटीवाटीने वाढलेल्या अळ्यांमध्ये ‘ओई’ हा परजीवी झपाट्याने पसरतो, कारण रोगट मादीच्या खवल्यांवरचे बीजाणू अंड्यांवर नि पानांवर पडतात आणि अळी तीच पाने खाते. शिकागो विद्यापीठाच्या २०१९ च्या अभ्यासात घरात वाढवलेल्या फुलपाखरांना स्थलांतरासाठी मेक्सिकोकडची दक्षिण दिशा धरता आली नाही. २०२१ मध्ये कॅनडातील संशोधकांना मात्र मोकळ्यावर सोडल्यावर बहुतेकांना दिशा सापडलेली दिसली; हा दिलासा मोलाचा, पण रोगाचा प्रश्न त्याने सुटत नाही. मुलांना कोषातून पंख उलगडताना दिसावेत, हा युक्तिवाद मला मनापासून पटतो. त्यासाठी दोन-चार अळ्या पुरतात, शेकडो नव्हे. खरी टंचाई आहे ती अळीच्या एकमेव अन्नाची, आपल्या रुईच्या कुळातल्या मिल्कवीडची: तणनाशकांनी ते मक्या-सोयाबीनच्या शेतांतून पुसले गेले. म्हणून बागेत स्थानिक मिल्कवीडच लावावे. उष्ण फ्लोरिडात परदेशी जात हिवाळ्यातही वाळत नाही आणि तिच्या पानांवर बीजाणू साठत राहतात.