डायपोल स्पीकर, सबवूफर आणि 'ऑटो'चं बटण

२०२५ मध्ये होम ऑडिओच्या बाजारात दोन मोठ्या गोष्टी झाल्या. सॅमसंगच्या हरमनने साउंड युनायटेड ३५ कोटी डॉलरला विकत घेतली, म्हणजे डेनॉन, मरांट्झ, बोवर्स अँड विल्किन्स आता जेबीएलच्या घरात आले. आणि आधी महागड्या प्रोसेसरपुरतं असलेलं डिरॅकचं 'अ‍ॅक्टिव्ह रूम ट्रीटमेंट' डेनॉन-मरांट्झच्या निवडक रिसीव्हरवर मिळायला लागलं. लायसन्सचे पैसे अर्थात वेगळे.

त्यामुळे एक समज पसरतोय: कुठलाही स्पीकर घ्या, कुठलाही सबवूफर घ्या, बाकी सॉफ्टवेअर बघून घेईल. मी सॉफ्टवेअरमध्येच काम करतो, म्हणून सांगतो, तुमचे स्पीकर डायपोल असतील तर जरा थांबा.

डायपोलची अडचण काय?

मॅग्नेपॅनचे पॅनेल, १९५७ चा क्वाड इलेक्ट्रोस्टॅटिक किंवा सिगफ्रीड लिंकविट्झ यांचा एलएक्स५२१ हे सगळे डायपोल. यांना बंद खोकं नसतं. आवाज पुढे जातो तेवढाच मागेही जातो, पण उलट्या फेजमध्ये. बाजूला दोन्ही लाटा एकमेकींना खोडतात, म्हणून आवाजाचा आकार इंग्रजी आठसारखा होतो. भिंतींवर कमी आदळल्यामुळे ऐकायला मोकळं वाटतं.

किंमत मोजावी लागते बेसमध्ये. ४० हर्ट्झची लाट साडेआठ मीटर लांब असते. एवढ्या लाटेला पॅनेलला वळसा घालून मागच्या लाटेला भेटणं अगदी सोपं, आणि भेटल्या की दोघी संपल्या. तेवढाच आवाज एक सप्तक खाली हवा असेल, तर बंद खोक्यातल्या कोनला चौपट हलावं लागतं, डायपोलच्या कोनला आठपट. म्हणून लोक सबवूफर आणतात.

मग जुळत का नाही?

साधा सबवूफर सगळीकडे सारखाच आवाज फेकतो. समोर दोघांचा आवाज सारखा ठेवला, तरी डायपोल खोलीत एकूण एक तृतीयांशच ऊर्जा सोडतो. १२ बाय १५ फुटांच्या हॉलमध्ये लांबीचा पहिला अनुनाद साधारण ३७ हर्ट्झला, रुंदीचा ४७ ला. कोपऱ्यातला सबवूफर हे दोन्ही जोरात वाजवतो. परिणाम असा की तबल्याची चाट स्वच्छ, आणि डग्गा मात्र शेजारच्या खोलीतून आल्यासारखा. दोष 'स्लो सबवूफर'ला दिला जातो. खरा दोष बहुतेक वेळा खोलीतल्या जागेचा असतो.

सॉफ्टवेअर काय करू शकतं?

लेव्हल, डिले, अनुनादाचे उंचवटे हे सगळं ते छान सांभाळतं. नवीन पद्धतीत तर एक स्पीकर दुसऱ्याचा घुमारा शमवायला मदत करतो. पण डायपोलकडेच खालचा बेस नसेल, तर तो मदत कशाने करणार? त्याची मदतीची रेंज वरच ठेवा. आणि लाटा एकमेकींना खोडून पडलेला खड्डा बूस्टने भरत नाही. ६ डेसिबल वाढवायला अ‍ॅम्प्लिफायरची चौपट पॉवर लागते, आणि खड्डा तिथेच राहतो.

म्हणून आधी हे करा

- एका मोठ्या सबवूफरऐवजी दोन लहान घ्या आणि समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर ठेवा. हरमनच्या टॉड वेल्टींनी २००२ मध्येच ही मांडणी किती उपयोगी आहे ते दाखवलं होतं.
- पॅनेल मागच्या भिंतीपासून निदान तीन फूट पुढे ओढा.
- ८० हर्ट्झचा क्रॉसओव्हर डोळे मिटून स्वीकारू नका. पॅनेलला झेपेल तितका खाली नेऊन बघा.
- आरईडब्ल्यू फुकट आहे. यूएसबी माइक लावून सबवूफरची पोलॅरिटी उलटी करा, क्रॉसओव्हरपाशी सर्वांत खोल खड्डा पडेल असा डिले शोधा, मग पोलॅरिटी सरळ करा.

ऑटोचं बटण यानंतर दाबा. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांसाठी यात आणखी एक फायदा आहे. कोपरा घुमायचा थांबला, की कमी आवाजातही डग्गा नीट ऐकू येतो आणि शेजारचे काका रात्री दार वाजवत नाहीत. लायसन्सवर पैसे घालण्याआधी एक रविवार सबवूफर सरकवण्यात घालवा. तो फुकट आहे.