तिचं कौतुक पुरे, आता हिशेब मांडू या

मैत्रिणींनो, एखादी बाई फार पुढे गेली की तिची कहाणी सांगायची एक ठरलेली रीत आहे. किती सोसलं, किती खपली, पण कधी तक्रार केली नाही! पॅट समिटची कहाणीही अशीच सांगितली जाते.

१९७४ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, ती अमेरिकेतल्या टेनेसी विद्यापीठाच्या मुलींच्या बास्केटबॉल संघाची मुख्य प्रशिक्षक झाली. पगार महिन्याला २५० डॉलर. सामन्यांना जाताना गाडी तीच चालवायची. गणवेश तीच धुवायची, आणि तेही आदल्या वर्षी डोनट विकून जमवलेल्या पैशांतून घेतलेले. ३८ हंगामांत तिच्या संघानं १०९८ सामने आणि ८ राष्ट्रीय विजेतेपदं जिंकली. १९८४ साली तिनं अमेरिकेच्या महिला संघाला ऑलिंपिक सुवर्ण मिळवून दिलं. २०११ साली अल्झायमरचं निदान जाहीर केल्यावरही तिनं आणखी एक हंगाम काम केलं. २०१६ साली ती गेली.

हे कर्तृत्व मोठंच आहे. आमचं भांडण ते सांगण्याच्या रीतीशी आहे. १९९० साली दिवस भरत आले असताना ती एका खेळाडूला संघात घेण्यासाठी पेनसिल्व्हेनियात गेली. परतताना विमानात कळा येत होत्या, तरी मूल टेनेसीतच जन्मावं म्हणून तिनं विमान वाटेत उतरू दिलं नाही. हा किस्सा हसत हसत सांगतात. बाळंतपणाच्या दिवशीही बाईला कामावर का राहावं लागतं, हे मात्र कुणी विचारत नाही.

आता दुसरा हिशेब पाहा. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थांत लिंगभेदाला बंदी घालणारा ‘टायटल नाइन’ कायदा १९७२ साली झाला. मुलींच्या मैदानावर पैसा येऊ लागला. तोवर मुलींच्या खेळांचा कारभार प्रामुख्यानं बायकांनीच चालवलेल्या संघटनेकडे होता. पुरुषांच्या खेळांवर सत्ता गाजवणाऱ्या ‘एनसीएए’नं आधी या कायद्याला विरोध केला आणि १९८१-८२ पासून मुलींच्या मोठ्या स्पर्धाही आपल्याकडे घेतल्या. बायकांची संघटना बंद पडली. १९७२ साली महाविद्यालयांतल्या मुलींच्या संघांपैकी ९० टक्क्यांहून अधिक संघांच्या प्रशिक्षक स्त्रिया होत्या. २०१४ साली हे प्रमाण ४३ टक्क्यांवर आलं होतं.

म्हणजे खेळणाऱ्या मुली वाढल्या, आणि त्यांना शिकवणाऱ्या बायकांचा वाटा निम्म्याहून खाली गेला. यात नवल काहीच नाही. घरी फुकट रांधायचं ते बाईनं. त्याच रांधण्याला पगार मिळू लागला की आचारी होतो पुरुष! २५० डॉलरांत गाडी हाकायला आणि कपडे धुवायला कुणी पुरुष भांडत आला नव्हता.

‘लायक असेल त्याला नेमावं, त्यात बाई-पुरुष कशाला?’ असं कुणी म्हणेल. ठीक आहे. मुलींच्या संघांना पुरुषांनी उत्तम शिकवलं, विजेतेपदं मिळवून दिली, हे आम्ही नाकारत नाही. पण लायकीचा हा रस्ता एकेरी का? मुलांच्या संघांवर स्त्री प्रशिक्षक आजही तुरळकच दिसतात. खुद्द पॅटला पुरुषांच्या संघाबद्दल विचारणा झाली, तेव्हा तिकडे जाणं ही बढती का मानायची, असा उलट सवाल तिनं केला होता.

टेनेसीत मुलींच्या खेळांसाठी स्वतंत्र विभाग होता, त्याची प्रमुखही स्त्री होती. पॅट निवृत्त झाली त्याच २०१२ साली तो पुरुषांच्या विभागात विलीन झाला. एकत्र विभागाचा प्रमुख पुरुष. २०२१ च्या राष्ट्रीय स्पर्धेत पुरुषांना सुसज्ज व्यायामशाळा मिळाली आणि मुलींना डंबेल्सचा एक छोटा स्टँड. एका खेळाडूनं ते चित्रित करून जगाला दाखवलं, तेव्हा कुठे काही दिवसांत सोय झाली.

एक बाई शिखरावर पोचली म्हणजे वाट मोकळी झाली, असं नाही. म्हणून कुणी पॅटच्या त्यागाचे गोडवे गाऊ लागलं, तर तिथेच थांबवून विचारा: आज मुलींच्या संघांवर नेमणुका कोण करतं? पैसा कुणाच्या सहीनं खर्च होतो? आणि हे प्रश्न आपल्या मुलींच्या शाळा-महाविद्यालयांतही विचारा. त्यागाच्या कहाण्यांनी आपलं पोट भरणार नाही. आपल्याला निर्णयाच्या खुर्चीतला वाटा हवा आहे.