लाकूड आमचे, खुर्ची परक्याची

मडगाव, म्हापसा अथवा बेळगाव येथील फर्निचरच्या कोणत्याही मोठ्या दुकानात पाऊल ठेवावे, तर फिकट पिवळसर लाकडाचे, गुळगुळीत पॉलिशचे आणि चार-सहा खुर्च्यांसह मिळणारे जेवणाचे टेबल तेथे हटकून दृष्टीस पडते. चौकशी केली की विक्रेता अभिमानाने सांगतो, 'मलेशियाचा माल आहे, रबरवूड!' ज्या झाडाचे हे लाकूड, ते झाड आपणांस अनोळखी आहे काय? सत्तरी तालुक्यात वन विकास महामंडळाने त्याची लागवड केली आहे, दोडामार्गाच्या डोंगरउतारांवर ते गेल्या काही दशकांत सर्वत्र पसरले आहे, आणि केरळात तर त्याचे साम्राज्यच आहे. देशात आठ लाख हेक्टरांहून अधिक क्षेत्र रबराखाली आहे. परंतु चीक देऊन थकलेले आपले झाड बहुतांशी खोकी, प्लायवूड किंवा सरपण यांच्या वाटेला जाते, आणि त्याच जातीचे परदेशी झाड खुर्ची होऊन समुद्र ओलांडून आपल्याच ओसरीवर येऊन बसते. असे का व्हावे, हा प्रश्न आम्ही आज वाचकांपुढे आणि राज्यकर्त्यांपुढे ठेवू इच्छितो.

मलेशियाला निसर्गाने काही वेगळे रबर दिले होते असे नाही. पन्नास-साठ वर्षांपूर्वी तेथेही हे लाकूड रबराच्या पत्र्यांना धुरी देण्यासाठी आणि विटांच्या भट्ट्यांत जाळण्यासाठीच वापरले जात असे. त्याला कारणही होते. या लाकडात पिष्ट आणि साखर यांचे प्रमाण मोठे. त्यामुळे झाड पाडल्यावर थोड्याच दिवसांत त्यावर निळसर बुरशी चढते आणि भुंगेरे त्याला पोखरून त्याचा भुसा करतात. केपाँग येथील वनसंशोधन संस्थेने व तेथील उद्योजकांनी या दोषाचा पिच्छा पुरविला. झाड पाडल्यावर विलंब न लावता ते कापावे, निर्वात टाकीत घालून दाबाखाली बोरॉनच्या क्षारांचे द्रावण त्यात मुरवावे आणि मग भट्टीत नियंत्रित उष्णतेने वाळवावे, अशी पद्धत बसविण्यात आली. लहान तुकडे दाताळ कापून, बोटांत बोटे गुंतवावीत तसे जोडून मोठ्या फळ्या करण्याचे तंत्रही रूढ झाले. चुलीत जाणारे लाकूड 'मलेशियन ओक' या नावाने जगाच्या बाजारात मानाने मिरवू लागले. आज त्या देशाच्या लाकडी फर्निचरचा सुमारे चार-पंचमांश भाग याच लाकडाचा असतो आणि जोहोर राज्यातील मुआर हे गाव केवळ फर्निचरवर नावारूपाला आले आहे. या पद्धतीत बोरॉनसारखे साधे रसायन आहे, एक टाकी आहे आणि एक भट्टी आहे. जे दुर्मिळ होते ते एवढेच की, प्रयोगशाळा आणि कारखाना यांनी एकाच प्रश्नावर वर्षानुवर्षे एकत्र बसून काम केले.

व्हिएतनामची कथा तर आपल्याला अधिक झोंबावी अशी आहे. गोव्याच्या उजाड माळांवर आणि रस्त्यांच्या कडेला सामाजिक वनीकरणाच्या काळात जी अकेशियाची झाडे लावली गेली, त्याच कुळातील झाडांवर त्या देशाने आपला उद्योग उभारला. अकेशियाच्या दोन जातींच्या संकरातून निपजलेली जोमदार रोपे तेथील संशोधकांनी १९९० च्या दशकात निवडली, त्यांची कलमे करून लहान शेतकऱ्यांच्या हाती दिली, आणि त्या शेतकऱ्यांचे लाकूड घेणारे कारखाने बंदरांच्या आसपास उभे राहिले. २०२४ साली व्हिएतनामची लाकूड व लाकडी वस्तूंची निर्यात सोळा अब्ज डॉलरच्या पुढे गेली. आपल्याकडे अकेशियाची चर्चा निघते ती पावसाळ्यात त्याची फांदी विजेच्या तारेवर कोसळली म्हणजे!

यावर कोणी म्हणेल की, संशोधन हे आपल्या रक्तातच नाही. इतिहास मात्र याच्या नेमकी उलट साक्ष देतो. देहरादून येथील वनसंशोधन संस्था १९०६ सालची. तेथे १९३३ साली सोंटी कामेशन या भारतीय शास्त्रज्ञाने तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक यांच्या क्षारांचे असे मिश्रण सिद्ध केले की, ते मुरविलेल्या लाकडाला वाळवी आणि बुरशी दीर्घकाळ शिवत नाही. अमेरिकेतील टेलिफोनच्या खांबांपासून घरामागच्या कुंपणापर्यंत कोट्यवधी घनफूट लाकूड पुढे अर्धशतकाहून अधिक काळ याच शोधाने टिकविले गेले. आर्सेनिकाच्या भीतीमुळे २००३ च्या अखेरीस अमेरिकेतील उद्योगाने घरगुती वापरातून त्याला रजा दिली, आणि त्याची जागा घेणारी नवी रसायने विकली गेली ती परदेशी कंपन्यांच्या नावाने. शोध आपण लावावा, धंदा दुसऱ्याने करावा, आणि शोध जुना झाला की त्याचा पुढचा अध्यायही दुसऱ्यानेच लिहावा, असे हे दुर्दैव आहे.

तथापि जेथे संशोधन शेताच्या बांधापर्यंत पोचले, तेथे आपल्या देशातही चमत्कार घडला आहे. हरियाणातील यमुनानगर हे आज प्लायवूडचे मोठे केंद्र आहे. तेथे नैसर्गिक जंगल तोडून हा उद्योग उभा राहिलेला नाही. आगपेट्यांच्या धंद्यातील एका कंपनीने पॉप्लर वृक्षाच्या निवडक कलमी जाती उत्तरेच्या शेतकऱ्यांना दिल्या, गव्हाच्या शेतात ओळीने ही झाडे उभी राहिली आणि सहा-आठ वर्षांत शेतकऱ्याच्या हाती रोख रक्कम पडू लागली. १९८८ च्या राष्ट्रीय वननीतीने उद्योगांनी आपला कच्चा माल शेतकऱ्यांच्या सहकार्याने पिकवावा असे सांगितले, आणि १२ डिसेंबर १९९६ च्या गोदावर्मन खटल्यातील आदेशाने सर्वोच्च न्यायालयाने बेबंद वृक्षतोडीला व मोकाट सॉ-मिलांना वेसण घातली. ज्यांनी हे बदल आधीच ओळखले ते तरले. ज्यांनी जंगलावरच भिस्त ठेवली त्यांच्या गिरण्यांना टाळी लागली. ब्रह्मदेशाने १ एप्रिल २०१४ पासून ओंडक्यांची निर्यात बंद केली, तेव्हा सागवानाच्या आयातीवर जगणाऱ्यांनाही हाच धडा मिळाला.

आता आपल्या किनारपट्टीकडे वळू. आपल्या सुतार-मेस्त्र्यांच्या हातात कला नाही असे कोण म्हणेल? गोमंतकातील जुन्या वाड्यांतील शिसवी पलंग, चर्चमधील कोरीव वेद्या, देवळांचे लाकडी खांब, सावंतवाडीची रंगीत खेळणी ही सारी त्या कलेची प्रमाणपत्रे आहेत. अडचण आहे ती लाकडाच्या ओलीची. आषाढात दार फुगते आणि चैत्रात त्याला फट पडते, हा आपला नित्याचा अनुभव. आपल्या पावसाळी हवेत उघड्यावर ठेवलेले लाकूड आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्शाइतके पाणी सहज धरून बसते. हीच वस्तू युरोपातील उबविलेल्या घरात गेली की तिच्यातील ओल सहा ते आठ टक्क्यांवर उतरते, सांधे सुटतात, फळी तडकते आणि ग्राहक माल परत पाठवितो. मेस्त्री तोच, पटाशी तीच. मात्र शास्त्रशुद्ध वाळवणीची भट्टी आणि ओल मोजण्याचे साधे यंत्र नाही, म्हणून त्याचे सारे कौशल्य गावाच्या वेशीपाशी अडते. ही भट्टी एकट्या मेस्त्र्याला परवडणारी नाही, हे उघड आहे.

दुसरी अडचण परदेशी कायद्यांची. प्लायवूड व तत्सम फळ्यांतून निघणाऱ्या फॉर्माल्डिहाइड वायूवर मर्यादा घालणारा कायदा अमेरिकेने २०१० साली केला. शिसवीच्या संपूर्ण कुळाला जानेवारी २०१७ पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या नियंत्रणाखाली आणण्यात आले, तेव्हा उत्तरेतील हस्तव्यवसायाचे निर्यातदार हवालदिल झाले होते. युरोपीय संघाने २०२३ साली केलेल्या कायद्यानुसार तर लाकूड कोणत्या जमिनीवर वाढले, त्या जागेचा अक्षांश-रेखांश सांगावा लागणार आहे. त्याची अंमलबजावणी लांबणीवर पडत गेली असली, तरी दिशा पालटेल असे आम्हांस वाटत नाही. या नियमांना नुसती नावे ठेवून भागणार नाही. त्यांचे उत्तर प्रयोगशाळेतच शोधावे लागेल. उदाहरणच द्यावयाचे तर काजूच्या टरफलांतील तेलाचे देता येईल. आपले नाखवे होड्यांना हे तेल पूर्वापार चोपडीत आले. लाकूड त्याने टिकते, हे त्यांना कोणी शिकविले नव्हते. बेंगळुरूच्या संशोधकांनी याच तेलापासून प्लायवूडच्या सरसातील फिनॉलचा काही भाग वाचविण्याचे प्रयोग केले आहेत. काजू आपला, तेल आपले, संशोधन देशातले. त्याचा कारखाना मात्र आपल्या किनाऱ्यावर उभा राहावा, असे कोणाला सुचत नाही.

या विवेचनावर दोन आक्षेप येतील, आणि दोन्ही प्रामाणिक आहेत. पहिला असा की, लाकूड-उद्योगाला उत्तेजन म्हणजे सह्याद्रीवर कुऱ्हाड. आमची भूमिका स्पष्ट आहे. नैसर्गिक अरण्यातील एकही झाड या उद्योगासाठी पडता कामा नये. आम्ही बोलत आहोत ते चीक संपलेल्या रबराविषयी, फळ धरीनाशा झालेल्या काजू-आंब्याविषयी, आडव्या झालेल्या माडाविषयी आणि मनुष्याने लावलेल्या अकेशियाविषयी. या लाकडाला योग्य किंमत आली, तर शेतकरी नवे झाड लावील. आज त्याला किंमत नाही म्हणूनच तो जमीन विकून मोकळा होतो, आणि डोंगर बोडके होतात ते बंगल्यांसाठी. दुसरा आक्षेप असा की, यंत्रे आली की मेस्त्री उपाशी मरेल. पण मेस्त्री आज तरी कोठे पोटभर जेवतो आहे? तयार फर्निचरच्या खोक्यांनी त्याचे गिऱ्हाईक केव्हाच पळविले, आणि त्याचा मुलगा कारकुनीच्या अर्जाच्या रांगेत उभा आहे. कापणे, वाळविणे आणि रंधणे यंत्राने करावे, सांधा, कोरीवकाम आणि घडण मेस्त्र्याच्या हाती राहावी, अशी वाटणी करणे शक्य आहे. तशी वाटणी करावयाची की यंत्रमालकाने मेस्त्र्याला रोजंदारीवर बसवावयाचे, हा प्रश्न यंत्राचा नाही, मालकीचा आहे. म्हणूनच हे काम मेस्त्र्यांच्या सहकारी संस्थांकडे सोपवावे, असा आमचा आग्रह राहील.

मग करावे काय? नवी भव्य संस्था काढून तिच्या कोनशिलेवर मंत्र्यांची नावे कोरण्याची हौस कृपा करून कोणी बाळगू नये. बेंगळुरूला काष्ठ विज्ञान व तंत्रज्ञान संस्था आहे, आणि १९६२ पासून प्लायवूडवर काम करणारी संशोधन संस्था आता त्याच छत्राखाली आली आहे. आधुनिक यंत्रांवर सुतारकाम शिकविण्याची सोयही तेथे आहे. दापोली आणि शिरसी येथे वनविद्येची महाविद्यालये आहेत, फर्मागुढीला अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. एका रात्रीच्या प्रवासाच्या टापूत ज्ञानाची एवढी भांडारे असताना सत्तरीत किंवा सावंतवाडीत एक सामायिक वाळवणीची भट्टी व प्रक्रियेची टाकी उभी राहू नये, ही लाजिरवाणी गोष्ट आहे. अशी एक भट्टी काढावी. कोकण-गोमंतकातील अकेशिया, आंबा, काजू व माड यांच्या लाकडाची ताकद, आकुंचन आणि टिकाऊपणा यांची चाचणी विद्यार्थ्यांकडून करवून घ्यावी आणि तिचे निष्कर्ष मराठी व कोकणीत छापून प्रत्येक मेस्त्र्याच्या हाती द्यावेत. खाजगी जमिनीतील लावलेले झाड तोडण्याचा परवाना महिनोन्महिने फायलीत न अडकविता देण्यात यावा आणि त्यावरच जमिनीची नोंद असावी, म्हणजे परदेशी ग्राहकाला दाखविण्याचा कागदही त्यातूनच तयार होईल. आयटीआयमधील सुतारकामाच्या वर्गात रंधा आणि पटाशी यांच्याबरोबर ओल मोजण्याचे यंत्र ठेवण्यास तर फारसा खर्चही येणार नाही.

यासाठी लागणारा पैसा एखाद्या महोत्सवाच्या मांडवापेक्षा अधिक असेल असे आम्हांस वाटत नाही. लागणार आहे ती चिकाटी. केपाँगच्या संशोधकांना एका रात्रीत यश आले नाही आणि आपणांसही येणार नाही. तथापि रबराच्या ज्या बागा आज चीक देत आहेत, त्यांचे आयुष्य पंचवीस-तीस वर्षांचे असते. त्यांतील कित्येक झाडे येत्या काही वर्षांत तोडीस येतील. त्या दिवशी तो ओंडका भट्टीच्या दारात पोचणार की चुलीच्या, याचा निर्णय आजच घ्यावयाचा आहे. दोन्ही राज्यांतील लोकप्रतिनिधींनी येत्या अधिवेशनात हा एकच प्रश्न मंत्रिमहोदयांना विचारावा, आणि उत्तरात 'विचाराधीन आहे' हे शब्द आले, तर दुसऱ्या अधिवेशनात तो पुन्हा विचारावा.