खच्ची कोण करतं?

आपल्या बैठकांत एक शब्द हमखास ऐकू येतो : खच्चीकरण. ‘समाजाचं खच्चीकरण चाललंय’ असं आपण म्हणतो आणि त्याचा अर्थ ‘कमकुवत करणं’ एवढाच घेतो. मला हे दोन शब्द वेगळे ठेवावेसे वाटतात.

दोन्ही शब्द मराठीत फारसी-अरबीच्या वाटेने आले. ‘कमकुवत’मध्ये फारसी ‘कम’ आणि अरबी ‘कुव्वत’ आहे. ‘खच्ची’चं मूळ अरबी ‘खसी’. बकरी ईदला आपण ज्या बकऱ्याला ‘खस्सी’ म्हणतो, तो हाच शब्द. त्याला संस्कृत ‘करण’ जोडून मराठीने ‘खच्चीकरण’ घडवलं.

अर्थ मात्र शेतात कळतो. मी चोपड्याचा. आमच्याकडे गोऱ्हा खच्ची केला की बैल होतो. हा बैल कमकुवत असतो का? तापीकाठच्या काळ्या जमिनीत तो दिवसभर औत ओढतो. ताकद शाबूत राहते, जाते ती शिंग रोखण्याची वृत्ती. आणि चिमटा लावायचं ठरवतो त्याचा धनीच.

मुस्लिम समाज शिक्षणात, नोकऱ्यांत मागे असल्याचं सच्चर समितीने २००६ मध्ये आकडेवारीनिशी मांडलं. हा कमकुवतपणा. त्यासाठी शाळा, शिष्यवृत्ती, रोजगार सरकारकडे हक्काने मागायलाच हवेत. पण बारावीला उत्तम गुण मिळवलेली मुलगी तलाकबद्दल, वारसाहक्काबद्दल विचारते आणि घरातूनच उत्तर येतं, ‘तुला काय कळतं?’ हे खच्चीकरण. नाव ऐकून भाड्याची खोली नाकारली जाते आणि चार वेळा असं झाल्यावर पोरगा विचारणंच सोडतो, हेही खच्चीकरणच. पहिला हात घरातला, दुसरा बाहेरचा. दुसऱ्याबद्दल आपण मोठ्याने बोलतो, पहिल्याबद्दल गप्प बसतो.

१८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाई यांच्या पुढाकाराने सात मुस्लिम महिलांनी मुंबईत तोंडी तलाकविरोधात मोर्चा काढला. संख्येने त्या कमकुवतच होत्या, खच्ची झालेल्या नव्हत्या. एका दमात दिलेला तिहेरी तलाक सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०१७ रोजी रद्द ठरवला, त्याआधी ५१ वर्षं त्यांनी हा प्रश्न रस्त्यावर आणला होता.

म्हणून एवढीच विनंती : ‘खच्चीकरण’ हा शब्द वापराल तेव्हा ‘होतंय’ म्हणून थांबू नका, कोण करतंय तेही सांगा. तो हात आपल्याच घरातला असेल, तरीही सांगा.