व्हिजिट व्हिसावर कामाला जाऊ नका

चार दिवसांनी विमान आहे. बॅग भरून झालीय, लोणच्याची बरणी कपड्यांत गुंडाळून ठेवलीय. थांबा. आधी व्हिसाचा कागद बाहेर काढा आणि नीट वाचा. नोकरीचा आहे, की टुरिस्ट किंवा व्हिजिट लिहिलंय?

एजंट म्हणेल, "आत्ता यावर जा, तिकडे बदलून घेऊ." वर पढवेलही, "एअरपोर्टवर विचारलं तर मामाकडे चाललोय म्हणा." सरळ कामाला पाठवणारा माणूस खोटं बोलायला कशाला शिकवेल?

व्हिजिट व्हिसावर दुबईत काम करणं बेकायदा आहे. पगार बुडाला तर तक्रार करायची चोरी. तक्रार केली की आधी तुम्हीच अडकता. मुदत संपली की दिवसाला 50 दिरहम दंड चढतो. इकडे बायकोचं मंगळसूत्र गहाण, व्याज चालूच. ‘आझाद व्हिसा’चंही तेच. कागदावर कफील, म्हणजे व्हिसा देणारा मालक, एक, राबायचं भलत्याकडे.

म्हणून अडून बसा. कंपनीचं ऑफर लेटर मागा. अमिरातीत ते हिंदीतही मिळतं. पगार, काम, सुट्टी वाचा, मगच सही करा.

दहावी झाली नसेल तर तुमचा पासपोर्ट बहुधा ईसीआर असेल. त्यावर आखातात कामाला जायचं तर ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवर मंजुरी लागते. कटकट आहे, मान्य. पण त्या कटकटीतच तुमचं संरक्षण आहे: पगाराचा करार नोंदला जातो, प्रवासी भारतीय विमा निघतो. 2 वर्षांचे 275 रुपये, आणि अपघातात जीव गेला किंवा कायमचं अपंगत्व आलं तर 10 लाख. फिरायला जाणाऱ्याला ही मंजुरी लागत नाही. एजंट नेमकी हीच पळवाट धरतो, आणि काही बरंवाईट झालं तर घरच्यांच्या हाती काहीच लागत नाही.

शिकलेल्या पोरांनो, तुम्हीही ऐका. बँकॉकला डेटा एंट्री, जाड पगार, जायला टुरिस्ट व्हिसा? नाही म्हणा. अशी कित्येक मुलं थायलंडमधून सीमेपार म्यानमारला नेली गेली, सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांत डांबली गेली. मार्च 2025 मध्ये तिथून सुटलेल्या 500 हून जास्त भारतीयांना वायुदलाच्या विमानांनी परत आणावं लागलं.

आज रात्रीच ई-मायग्रेटवर एजंटाचा परवाना क्रमांक टाकून बघा. क्रमांक देत नसेल तर त्याला दमडी देऊ नका. परवानाधारक एजंटालाही 30,000 रुपये आणि जीएसटी यापेक्षा जास्त घेता येत नाही. दीड लाख मागतोय? पावती मागा, चेहरा बघा.

आयांनो, बापांनो, मुलगा लाजेल, पण तुम्ही विचारा. शेजारचं पोर निघालं असेल तर त्याच्याही घरी जा, त्याचा व्हिसा बघा. चुकीचा निघाला तर त्याला विमानात बसू देऊ नका. तिकिटाचे पैसे बुडतील. बुडू देत.